चेनरिंगला दाते किती हवेत?

रोड बाईक नवी घेतली की पहिल्या सहा महिन्यांत माणसाला दोन प्रश्न पडतात. पहिला सीटचा आणि दुसरा गिअरचा. सीटचं आपण मागे बोललो. आज गिअर, आणि त्यातही पुढच्या रिंगा. ‘चढावर पाय जड होतात, गुडघ्यात कळ येते, पुढची रिंग बदलून घेऊ का?’ असं मला नागपूरपासून बडोद्यापर्यंतची मंडळी विचारतात. त्यात पन्नाशी ओलांडलेले बरेच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सायकल घेताना सगळे मोठ्या रिंगचा आकडा विचारतात. तुम्ही छोट्या रिंगचा विचारा. तुमचा वेग मोठी रिंग ठरवत नाही, तो तुमचे पाय ठरवतात. पण साठीनंतर तुम्ही घाट चढणार की सायकल हातात धरून चालणार, हे मात्र छोटी रिंग आणि मागची सर्वांत मोठी चकती या दोघी मिळून ठरवतात.

शब्दांचा घोळ नको म्हणून एवढं ठरवून घेऊ. पेडलच्या दांड्याला, म्हणजे क्रँकला जी दातेरी चाकं जोडलेली असतात त्यांना मी रिंग म्हणेन. मागच्या चाकावर जो दातेरी चाकांचा गठ्ठा असतो ती कॅसेट, आणि तिच्यातलं एकेक चाक म्हणजे चकती. चेन एकीवरून दुसरीवर ढकलणारं यंत्र म्हणजे डिरेलर. एक पुढे, एक मागे. रोड बाईकवर ५०/३४ असं लिहिलेलं असतं तेव्हा मोठ्या रिंगला ५० दाते आणि छोट्या रिंगला ३४ दाते एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार त्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतो. ५३/३९ म्हणजे ‘स्टँडर्ड’, ५२/३६ म्हणजे ‘सेमी-कॉम्पॅक्ट’, आणि ४८/३२ किंवा ४६/३० म्हणजे ‘सब-कॉम्पॅक्ट’. ‘स्टँडर्ड’ हे नाव मोठं फसवं आहे. ते शर्यतवाल्यांचं स्टँडर्ड. तुमचंआमचं नव्हे.

आता थोडं गणित. पाचवीतल्या मुलाला जमेल असं आहे, घाबरू नका. पुढच्या रिंगचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. जे उत्तर येईल तितके फेरे मागचं चाक पेडलच्या एका फेऱ्यात घेतं. रोड बाईकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. म्हणजे ५० ची रिंग आणि २५ ची चकती असेल तर चाक दोन फेरे घेणार आणि सायकल ४.२ मीटर पुढे जाणार. मिनिटाला ८० वेळा पेडल फिरवलं तर ताशी २० किलोमीटर. झालं गणित. सगळी गिअरविद्या याच्यावर उभी आहे.

घरी जुनी काळी सायकल असेल तर तिचेही दाते मोजून बघा. बहुतेकांत पुढे ४४ च्या आसपास आणि मागे १८ च्या आसपास निघतील. एकच गिअर, पण तो सपाट रस्त्यावर, डब्याची पिशवी हँडलला लावून, सावकाश चालवणाऱ्या माणसासाठी बेतलेला. त्या सायकलीच्या कारखानदाराने गिऱ्हाईक कोण आहे हे नीट ओळखलं होतं. आजच्या रोड बाईकचे कारखानदार मात्र गिऱ्हाईक विशीतला शर्यतपटू आहे असं गृहीत धरतात.

मी राहतो तो रुआबांधा भिलाईच्या दक्षिणेकडे. सकाळी इथून मरोदा, मग उतईच्या रस्त्याला लागलं की सपाट, अगदी सपाट. एखादा ओव्हरब्रिज आला तर तोच आमचा घाट. अशा ठिकाणी राहणाऱ्याला वाटतं, आपल्याला छोट्या रिंगचं काय काम? मोठीच ठेवू. पण गिअरची खरी गंमत सपाटीवरच कळते.

माझ्या वयाचा माणूस सपाटीवर ताशी २० ते २५ च्या वेगाने जातो. एप्रिल-मे मध्ये समोरून गरम वारा आला की २० च्याही खाली. आता ५०/३४ च्या क्रँकवर आणि ११ ते २८ च्या कॅसेटवर हा वेग कुठे बसतो ते बघा. ताशी २० हवे असतील, पेडल मिनिटाला ८०, तर ५० च्या रिंगवर मागे २५ ची चकती लागते. ही शेवटून दुसरी. म्हणजे चेन पुढे बाहेरच्या रिंगवर आणि मागे जवळजवळ सगळ्यांत आतल्या चकतीवर, पूर्ण तिरकी ओढलेली. ती कुरकुर करते, लवकर झिजते. बरं, छोट्या रिंगवर यावं तर ३४ ला मागे १७ ची चकती. ३४ भागिले १७ म्हणजे दोन, आणि ५० भागिले २५ म्हणजेही दोन. तोच गिअर! पण त्यासाठी पुढे एकदा आणि मागे चार वेळा बटण दाबायचं. वारा थोडा पडला, वेग २६ वर गेला की परत मोठ्या रिंगवर या. असा माणूस दिवसभर दोन रिंगांच्या मधल्या दरीत अडकलेला असतो आणि त्याला वाटतं सायकलचं ट्यूनिंग बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. त्याचा नेहमीचा वेग जिथे आहे तिथेच या क्रँकची फट आहे.

तोच माणूस ४६ ची रिंग लावून बघू दे. ११ ते ३४ च्या अकरा चकत्यांच्या कॅसेटवर ताशी २५-२६ ला मागे १९ ची चकती येते, पेडल मिनिटाला ८५. वारा आला, २१ ची लावा. आणखी आला, २३ ची. चेन जवळजवळ सरळ, कॅसेटच्या मध्यावर. तासन्‌तास पुढच्या डिरेलरला हात लावायला नको. मोठी रिंग ही खरोखर वापरायची रिंग होते.

‘पण सर, टॉप स्पीड?’ हा प्रश्न येणारच. ५० ची रिंग आणि ११ ची चकती, मिनिटाला ९० पेडल, म्हणजे ताशी साडेएक्कावन्न किलोमीटर. ४६ ची रिंग लावली तर तेच ताशी ४७. चार किलोमीटर गमावले. आता खरं सांगा, सपाट रस्त्यावर ताशी ४७ ने तुम्ही किती सेकंद गेला आहात? आणि उतारावर ४७ च्या पुढे जाऊन पेडल कशाला मारायचं? तिथे ब्रेकवर बोटं ठेवायची असतात. आपल्याकडे उतार संपतो तिथे गाय बसलेली असते.

लांब पल्ल्याचे लोक किती वेगाने जातात हेही लक्षात घ्या. रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची शर्यत, जवळपास ४,९०० किलोमीटर, एकट्याला बारा दिवसांची मुदत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. त्याच वर्षी काही तासांच्या अंतराने आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. कर्नलसाहेबांचा हिशोब करा. झोप, जेवण सगळं धरून ताशी सतरा किलोमीटर पडतात. जगातल्या अत्यंत अवघड शर्यतींपैकी एक, आणि सरासरी सतरा. आपल्याकडे २०० किलोमीटरची ब्रेव्हे असते, तिला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे ताशी पंधरा पुरतात. या सगळ्यात माणूस टॉप गिअर कमी पडला म्हणून मागे राहत नाही. चढावर, रात्री, गुडघा बोलायला लागल्यावर मागे राहतो.

तर आता चढाकडे येऊ.

छत्तीसगडच्या मैदानातला सायकलवाला कधी ना कधी दक्षिणेला निघतो. धमतरी, कांकेर आणि मग केशकाल घाट. बारा वळणांचा. तो चढला की बस्तरचं पठार. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर खोपोलीहून खंडाळ्याला जाणारा बोरघाट, जो मुंबई-पुणे सायकल शर्यतीने कित्येकांना शिकवला. बेळगावकरांना चोर्ला आहे, इंदूरकरांना मुंबईच्या रस्त्यावरचा मानपूर घाट. उदाहरण म्हणून सात टक्क्यांचा चढ धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर.

माणूस ७५ किलोचा, सायकल, पाणी, हवेचा पंप आणि चिक्कीचं पाकीट मिळून बारा किलो. असा साठीचा, पण नियमित चालवणारा माणूस तासभर दीडशे वॉटची ताकद लावू शकतो असं धरा. हे बऱ्यापैकी तंदुरुस्त माणसाचं काम आहे, बरं का. सात टक्क्यांवर त्याचा वेग येतो ताशी आठ किलोमीटर. यात गिअर कुठलाही असो, फरक पडत नाही. ताकद तेवढीच, वजन तेवढंच, तर वेगही तेवढाच. गिअरने एकच गोष्ट बदलते: ती ताकद तुम्ही थोड्या जड दाबांत देता की पुष्कळ हलक्या दाबांत.

जुनी शर्यतवाली जोडी, पुढे ३९ आणि मागे २५. ताशी आठला पेडल मिनिटाला जेमतेम ४१ वेळा फिरतं, आणि पेडलवर सरासरी २१ किलोचा दाब द्यावा लागतो. कॉम्पॅक्ट, ३४ ला २८: मिनिटाला ५२ फेरे, दाब साडेसोळा किलो. सब-कॉम्पॅक्ट, ३० ला ३४: मिनिटाला ७२ फेरे, दाब बारा किलो. आणि हा नुसता सरासरी दाब. पेडल पुढे आडवं असतं त्या क्षणी तो याच्या जवळजवळ दुप्पट होतो, वर-खाली असताना काहीच नसतो. म्हणजे पहिल्या जोडीत प्रत्येक फेऱ्यात गुडघ्याच्या वाटीवर चाळीस-एक किलोचा झटका, तासभर. तिसऱ्या जोडीत तो चोवीस-पंचवीसवर येतो. घाट तोच, वेळ तोच. वर पोचल्यावर एकजण जिना उतरू शकतो, दुसरा आडवा उतरतो.

तरुण माणसाला ४१ फेऱ्यांनीही निभावतं. उभं राहून मारतो, सुटतो. आपल्या वयात स्नायू दमतात त्याआधी सांधे हरकत घेतात. म्हणून मी मापदंड असा ठेवतो: तुमच्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या चढावर, थकलेले असताना, बसून, पेडल मिनिटाला साठच्या खाली जाऊ नये. जात असेल तर गिअर बदलायला हवा. मोजायला यंत्र लागत नाही. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली गेला ते मोजा आणि चारने गुणा. पंधराच्या खाली आकडा आला की समजा.

पण रिंगला हात घालण्याआधी मागे बघा. पुढे ३४ ची ३० केली तर गिअर साधारण बारा टक्क्यांनी हलका होतो. मागे २८ ची चकती काढून ३२ ची असलेली कॅसेट लावली तर? तेही बारा टक्केच. आणि कॅसेट ही क्रँकपेक्षा स्वस्त, कुठल्याही बऱ्या दुकानात पंधरा मिनिटांत बदलून मिळते. चढ हीच एकमेव तक्रार असेल तर आधी कॅसेट. पैसे वाचतील.

इथे मागचा डिरेलर किती झेपवतो ते पाहायला लागतं. त्याचे दोन आकडे असतात. एक, सर्वांत मोठी चकती किती दात्यांची चालेल. दुसरा, त्याची क्षमता, म्हणजे किती सैल चेन तो गोळा करू शकतो. क्षमतेचा हिशोब सोपा: पुढच्या दोन रिंगांतला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. शिमानोच्या १०५ मालिकेतला आर-७००० हा डिरेलर दोन प्रकारचा येतो. आखूड पिंजऱ्याचा ३० ची चकती आणि ३५ ची क्षमता घेतो. लांब पिंजऱ्याचा ३४ ची चकती आणि ३९ ची क्षमता. आतल्या बाजूला एसएस किंवा जीएस अशी अक्षरं कोरलेली असतात. एसएस असेल आणि तुम्ही ३४ ची कॅसेट आणलीत तर दुकानदार ‘बसेल साहेब’ म्हणेल. बसेलही. पण वरची छोटी चाकी मोठ्या चकतीला घासत राहील, आणि चुकून मोठी-मोठी जोडी लागली तर डिरेलर ताणून उपटला जाईल.

मग पुढची रिंग कधी बदलायची? माझ्या मते तीन प्रसंगी. मागे डिरेलरची मर्यादा संपली आणि तरी पेडल साठच्या खाली जातंय. किंवा मघाशी सांगितलं तसं, सपाटीवर तुम्ही दोन रिंगांच्या दरीत अडकलेले आहात. किंवा रिंग झिजलीच आहे, दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेत. तेव्हा नवी घ्यायचीच आहे तर तीच का, असा विचार करायला हरकत नाही. मी पहिली दोन्ही कारणं जमल्यावर ५०/३४ वरून ४६/३० वर आलो आणि मागे ११-३४ ठेवली.

आता बदलायचं म्हणजे काय, हा सगळ्यांत किचकट भाग. सायकलच्या क्रँकला पाच किंवा चार हात असतात, त्यांच्या टोकांच्या बोल्टवर रिंग बसते. हे बोल्ट ज्या काल्पनिक वर्तुळावर आहेत त्याचा व्यास म्हणजे बीसीडी. या तीन अक्षरांवर सगळं अडतं. जुन्या ५३/३९ च्या पाच हातांच्या क्रँकचा बीसीडी १३० मिलिमीटर. त्यावर ३८ च्या खालची रिंग बसूच शकत नाही, कारण दाते बोल्टच्याही आत जातील. कॉम्पॅक्टचा ११० मिलिमीटर, त्यावर साधारणपणे ३४ ही खालची हद्द. म्हणून जुन्या सायकलवर ‘३९ काढून ३४ लाव’ असं नुसतं म्हणून चालत नाही. अख्खी क्रँक बदलावी लागते. ३४ वरून ३० वर येतानाही बहुतेक वेळा तेच. मी नवीच क्रँक लावली.

बीसीडी मोजायचा कसा? पाच हातांच्या क्रँकवर शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ७६ मिलिमीटरच्या जरा वर आलं तर १३०. ६५ च्या जरा आत आलं तर ११०. शिमानोच्या अलीकडच्या क्रँकना चार हात असतात आणि ते असमान अंतरावर असतात, त्यामुळे तिथे हे माप चालत नाही. पण त्यांची एक सोय आहे: ५०/३४, ५२/३६ आणि ५३/३९ या सगळ्या जोड्या त्याच ११० च्या क्रँकवर बसतात. तुमची सायकल ५२/३६ ची असेल तर ५०/३४ वर यायला नुसत्या रिंगा बदलल्या की काम झालं. मात्र जोडीनेच बदला. मोठ्या रिंगच्या आतल्या बाजूला चेन वर उचलायला खाचा आणि खिळे कोरलेले असतात, ते ठरावीक छोट्या रिंगला धरून बेतलेले. ५२ ला ३४ जोडली तर चेन चढताना अडखळते, शिवाय फरक १८ दात्यांचा होतो, आणि पुढचे डिरेलर सहसा १६ च्या पलीकडे झेपवत नाहीत.

अगदी स्वस्त क्रँकवर रिंगा रिव्हेट मारून कायमच्या जोडलेल्या असतात. तिथे बोल्टच नाहीत. क्रँकच बदला, विषय संपला.

नवी क्रँक घेताना तिचा अक्ष तुमच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये बसतो का ते पाहा. २४ मिलिमीटरचा असेल तर २४ चाच आणा. ग्रॅव्हल सायकलींसाठी बनवलेल्या ४६/३० च्या क्रँका बाजारात मिळतात आणि मोह होतो. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत रिंगा रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतात. त्यामुळे तिच्याबरोबर तिचाच पुढचा डिरेलर लागतो; रोडचा डिरेलर तिथवर नीट पोचत नाही. हे दुकानात विचारून घ्या, आणि उत्तर ‘जुगाड करू’ असं आलं तर दुसरं दुकान शोधा. भिलाई-दुर्गकडे रोड बाईकचे सुटे भाग सगळे मिळतात असं नाही, बरेच मागवावे लागतात. त्यामुळे मागवण्याआधी हे आकडे कागदावर लिहून ठेवायची शिस्त बरी.

बसवताना तीन-चार गोष्टी. मोठ्या रिंगवर बाहेरच्या बाजूला एक छोटा खिळा असतो. तो क्रँकच्या दांड्याच्या बरोबर मागे आला पाहिजे. चेन बाहेर पडली तर दांडा आणि रिंगच्या फटीत अडकू नये म्हणून तो आहे. छोट्या रिंगवरही खूण असते, तीही दांड्याच्या रेषेत. उलटी रिंग बसवलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. चालतात, पण गिअर कधीच गोडीने पडत नाहीत. बोल्ट एकदम एक घट्ट करून दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरचे, थोडे थोडे, मोटारीच्या चाकाचे नट आवळतो तसे. किती घट्ट, तो आकडा क्रँकवर किंवा माहितीपत्रकावर न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. शिमानोच्या पोकळ अक्षाच्या क्रँकवर डाव्या दांड्याचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटर. मधली प्लॅस्टिकची टोपी मात्र बोटांनी, नुसती खेळ जाईपर्यंत. ती जोरात आवळली की बेअरिंग दाबली जातात आणि क्रँक जड फिरते.

रिंग लहान झाली म्हणजे तिचा वरचा काठ खाली आला. पुढचा डिरेलरही तेवढा खाली आणायला हवा. त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर हवी आणि रिंगला समांतर. दोन मिलिमीटरसाठी जुन्या शंभराच्या नोटेची घडी चालते, पण आता माझ्याकडे जाडी मोजायची पत्ती आहे. फ्रेमवर डिरेलरला जी खाच दिलेली असते ती काही सायकलींत ४६ इतकी खाली जातच नाही, किंवा पिंजऱ्याचं शेपूट मागच्या नळीला टेकतं. म्हणून क्रँक मागवण्याआधी डिरेलर सैल करून तो खाली किती सरकतो ते बघून घ्या. ५० वरून ४६ साठी साधारण आठ मिलिमीटर जागा लागते.

शेवटची गोष्ट चेनची लांबी, आणि इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं. चेन पुढे मोठी आणि मागे मोठी, या जोडीवर, मागच्या डिरेलरमधून न नेता, सरळ गुंडाळून टोकं जुळवायची आणि एक जोड, म्हणजे एक इंच, जास्त ठेवायची. रिंग लहान केली आणि चेन जुनीच ठेवली तर फार काही होत नाही, छोटी-छोटी जोडी लागली की चेन लोंबते एवढंच. उलट केलं, म्हणजे मोठी रिंग किंवा मोठी कॅसेट आणली आणि चेन तीच, तर मोठी-मोठी जोडी लागताक्षणी चेन ताणून डिरेलर आणि तो जिथे लटकतो तो हँगर दोन्ही तुटू शकतात. आमच्या सकाळच्या गटातल्या एकाची सायकल एका दुकानातून ३४ ची कॅसेट लावून आली होती, चेनला कोणी हात लावला नव्हता. घरी स्टँडवर लावून हाताने पेडल फिरवलं म्हणून वाचली. दुकानातून आणलेल्या सायकलवर बसण्याआधी ही मोठी-मोठी जोडी हाताने, हळू, एकदा लावून बघा. चेन ताठ झाली तर थांबा.

आणि चेन जुनी असेल तर नवी रिंग तिच्याबरोबर लावू नका. बारा इंचांत चोवीस कड्या बसल्या पाहिजेत. पट्टीवर त्या एक सोळांश इंच पुढे गेल्या की चेन संपली.

४६/३० चे तोटेही आहेत, ते लपवत नाही. मोठ्या रिंगवरून छोटीवर आलात की गिअर एकदम पस्तीस टक्क्यांनी हलका होतो. ५०/३४ वर तो बत्तीस टक्के होतो, ५३/३९ वर सव्वीस. पाय एकदम हवेत गेल्यासारखे वाटतात. फरक एवढाच की हे आता दिवसातून चार-पाच वेळा करायचं, शंभर वेळा नाही. त्यातही फौजेत डोंगरी रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या पोरांना जे शिकवतात तेच करा: ज्या गिअरने चढायचं तो चढ सुरू होण्याआधी घाला, अर्ध्या चढावर नाही. छोट्या रिंगवर या, लगेच मागे दोन चकत्या जड करा, मग चढायला लागल्यावर एकेक हलकी करत जा. पूर्ण ताकद पेडलवर असताना पुढची रिंग बदलायला गेलात तर चेन आत पडणार, आणि ती नेमकी वळणावर पडते.

आणखी एक. गटात तरुण पोरं ताशी ४० ने रेल्वेसारखी एकामागोमाग निघाली तर ४६ वर त्यांच्यामागे टिकायला मागे १३ ची चकती आणि मिनिटाला नव्वदपर्यंत पेडल लागतं. जमतं. जे सपाटीवर शर्यती करतात, ज्यांचा नेहमीचा वेग ३५ च्या वर आहे, त्यांनी ५२/३६ खुशाल ठेवावी. त्यांच्यासाठी ४६ म्हणजे सतत ११-१२ च्या चकतीवर राहणं, आणि लहान चकत्या लवकर झिजतात. पुढे एकच रिंग ठेवायची सध्या फॅशन आहे, तीही वाईट नाही. फक्त चकत्यांमधली अंतरं मोठी होतात आणि वाऱ्यात हवा तो मधला गिअर सापडत नाही. आमच्या मैदानात मला ते पटलेलं नाही.

नव्या रिंगा लावल्यावर पहिले पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट एकदा परत तपासा, ते थोडे बसतात. काढलेल्या रिंगा चांगल्या असतील तर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवून द्या. मुलगा सुट्टीला आला की तो ५०/३४ मागतो.